सीबीसीच्या कागदावरचा दाह: ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये एनएलआर, पीएलआर आणि सीआरपी कसे काढायचे, कसे वाचायचे

मावशीच्या फाइलमधला पहिला कागद म्हणजे एक साधा सीबीसी, रक्तातल्या पेशींची मोजणी. एकूण पांढऱ्या पेशी ९,८००. न्यूट्रोफिल ७६ टक्के, लिम्फोसाइट १६, मोनोसाइट ६, इओसिनोफिल २. प्लेटलेट ४.६२ लाख. लिम्फोसाइट आणि प्लेटलेट या दोन ओळी ठळक छापलेल्या, बाकी सगळं नॉर्मल. त्याआधी तीन महिने ती ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होती, कारण पोट फुगायचं आणि दोन घास खाल्ले की गच्च व्हायचं. पंधरा दिवसांनी सोनोग्राफीत पोटात पाणी आणि अंडाशयावर गाठ दिसली. बायोप्सीत हाय-ग्रेड सीरस कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. असे कागद रोज माझ्या हातून छापून जातात. अलीकडे पेशंटचे नातेवाईक काउंटरवर येऊन विचारतात, "ताई, एनएलआर चारच्या वर आलाय, म्हणजे आता किती दिवस?" त्या प्रश्नाने पोटात कालवतं, कारण तो मीही एका रात्री विचारला होता. एनएलआर, पीएलआर म्हणजे सीबीसीतल्या पेशींचे साधे भागाकार; काढायला दहा मिनिटं लागतात. पण रक्त कोणत्या दिवशीचं होतं आणि त्या दिवशी शरीरात आणखी काय चाललं होतं, हे सोडून नुसता आकडा वाचला, तर तो हमखास फसवतो. हा लेख मुख्यतः त्यासाठीच लिहिते आहे.

आधी: हे आकडे कॅन्सरचा माग का काढतात

गाठ वाढते तेव्हा शरीर ती एखाद्या न भरणाऱ्या जखमेसारखी हाताळतं. जखमेवर धावून जाणाऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल, आणि रक्त गोठवायला येतात त्या प्लेटलेट. ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा रासायनिक निरोप मोठ्या प्रमाणात सोडतात. तो यकृतापर्यंत पोचतो, यकृत थ्रॉम्बोपोएटिन जास्त बनवतं आणि अस्थिमज्जेतून प्लेटलेटचं उत्पादन वाढतं. ही साखळी ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉ. अनिल सूद यांच्या गटाने २०१२ साली दाखवून दिली. त्यांनी तपासलेल्या ६१९ रुग्णांपैकी ३१ टक्के बायकांच्या प्लेटलेट निदानाच्या वेळी साडेचार लाखांच्या वर होत्या, आणि त्यांचा आजार पुढे जास्त त्रासदायक ठरला. याच इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत सीआरपी हे दाहाच्या वेळी रक्तात वाढणारं प्रथिनही जास्त बनवतं. म्हणजे प्लेटलेट आणि सीआरपी हे एकाच निरोपाचे दोन परिणाम आहेत.

लिम्फोसाइटची गोष्ट उलटी. त्या कॅन्सरच्या विरोधात लढणाऱ्या पेशी. २००३ साली अमेरिकेत ओव्हरीच्या कॅन्सरच्या १८६ गाठी तपासल्या गेल्या. ज्या गाठींच्या आत टी-लिम्फोसाइट शिरलेल्या होत्या, त्या गटातल्या ३८ टक्के बायका पाच वर्षांनी हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्या गटात ४.५ टक्के. हा अभ्यास गाठीतल्या लिम्फोसाइटचा, रक्तातल्या नव्हे, हे लक्षात असू द्या. पण रक्तात न्यूट्रोफिल चढलेले आणि लिम्फोसाइट उतरलेले दिसले की डॉक्टरांच्या भुवया का उंचावतात, ते यावरून कळतं.

हिशोब: कागद, पेन आणि मोबाइलचा कॅलक्युलेटर

मावशीचाच कागद घेऊ. आधी प्रत्येक पेशीची प्रत्यक्ष संख्या काढायची. बऱ्याच रिपोर्टवर ती 'ॲब्सोल्यूट काउंट' म्हणून छापलेली असते. नसली तर एकूण पांढऱ्या पेशींना टक्क्यांनी गुणून शंभराने भागा.

न्यूट्रोफिल: ९,८०० च्या ७६ टक्के = ७,४४८
लिम्फोसाइट: ९,८०० च्या १६ टक्के = १,५६८
मोनोसाइट: ९,८०० च्या ६ टक्के = ५८८

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट: ७,४४८ ÷ १,५६८ = ४.७५. यासाठी नुसते टक्के भागले तरी उत्तर तेच येतं, ७६ ÷ १६.

पीएलआर म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट: ४,६२,००० ÷ १,५६८ = साधारण २९५. इथे टक्के चालत नाहीत, प्रत्यक्ष संख्याच लागते. काउंटरवर येणाऱ्यांची सर्वात जास्त चूक इथेच होते. कुणी प्लेटलेटना थेट १६ ने भागतो आणि घाबरतो.

एलएमआर म्हणजे लिम्फोसाइट भागिले मोनोसाइट: १,५६८ ÷ ५८८ = २.६७. हा एकटा असा आहे की कमी झाला तर वाईट.

एसआयआय हा तिन्ही पेशी एकत्र बघणारा निर्देशांक: प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल, भागिले लिम्फोसाइट. सोपी वाट म्हणजे प्लेटलेट हजारात लिहा आणि एनएलआरने गुणा. ४६२ × ४.७५ = साधारण २,१९५. हा निर्देशांक २०१४ मध्ये यकृताच्या कॅन्सरसाठी मांडला गेला आणि नंतर ओव्हरीच्या कॅन्सरमध्येही तपासला गेला.

निरोगी प्रौढ माणसाचा एनएलआर साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतो. त्यापुढे मात्र कुठलीही पक्की रेघ नाही. ओव्हरीच्या कॅन्सरवरच्या अभ्यासांत कुणी २.५ वर रेघ मारली, कुणी ३ वर, कुणी ४ च्याही पुढे. पीएलआरची रेघ कुठे दीडशेला, कुठे तीनशेला. बहुतेक अभ्यास जुन्या फाइली उघडून केलेले आहेत आणि रेघ त्या त्या हॉस्पिटलच्या पेशंटांवरून ठरवलेली आहे. म्हणून "तीनच्या वर धोका, तीनच्या खाली निर्धास्त" असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

रक्त कोणत्या दिवशीचं?

हा भाग सावकाश वाचा.

मावशीच्या दुसऱ्या किमोच्या सकाळी घेतलेल्या रक्तात न्यूट्रोफिल ८८ टक्के आले, लिम्फोसाइट ९. भाग दिला तर ९.८. पहिल्या रिपोर्टच्या दुप्पट! रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, माझ्या मावसभावाने इंटरनेटवरून शिकून हिशोब केला आणि मला फोन लावला. "आजार वाढलाय का गं? किमो लागू होत नाहीये का?" त्या हॉस्पिटलमधल्या एकानेही आम्हाला सांगितलं नव्हतं की या रक्तावर आदल्या रात्रीच्या गोळ्यांचा असर असेल. पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाची ॲलर्जी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. मावशीने तिच्या गोळ्या रात्री आणि पहाटे घेतल्या होत्या. स्टेरॉइड पोटात गेलं की काही तासांत न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंती सोडून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाजूला होतात. ९.८ हा आकडा डेक्सामेथासोनचा होता, कॅन्सरचा नव्हताच. पुढच्या सायकलला गोळ्या सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रक्त दिलं, तेव्हा न्यूट्रोफिल ६२, लिम्फोसाइट २८. एनएलआर २.२.

तर पायरी अशी: तुलनेसाठी वापरायचा रिपोर्ट स्टेरॉइडच्या आधीचा हवा. स्टेरॉइड घेतलं असेल तर दोन-तीन दिवसांतला आकडा तुलनेतून वगळा.

उलट दिशेनेही फसगत होते. किमोनंतर दहाव्या-बाराव्या दिवशीचा एक रिपोर्ट: एकूण पेशी २,१००, न्यूट्रोफिल ४० टक्के, लिम्फोसाइट ४८. एनएलआर ०.८३! कागदावर हा आकडा सुंदर दिसतो. पण न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या काढा: ८४०. हा उपचाराला मिळालेला प्रतिसाद नाही; अस्थिमज्जा दमली आहे आणि इन्फेक्शनचा धोका वाढला आहे. किमोच्या दोन सायकलींच्या मधल्या दिवसांतला एनएलआर काढूच नका. त्या दिवसांत फक्त न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन बघायचं.

फसवणारी आणखी कारणं, जी मी लॅबमध्ये वारंवार पाहते:

पेशी वाढवण्याचं इंजेक्शन, म्हणजे फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम. यानंतर पांढऱ्या पेशी वीस-तीस हजारांवरही जाऊ शकतात. इंजेक्शनची तारीख माहीत नसेल तर तो रिपोर्ट वाचण्यात अर्थ नाही.

ऑपरेशन. पोट उघडलं की न्यूट्रोफिल आणि सीआरपी चढणारच. ऑपरेशनमध्ये प्लीहा काढावी लागली असेल तर प्लेटलेट कितीतरी आठवडे वर राहतात. नवा पाया धरायचा तर किमान तीन-चार आठवडे जाऊ द्या.

लोह कमी असणं. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की प्लेटलेट वाढलेल्या दिसल्या की आधी हिमोग्लोबिन आणि एमसीव्हीची, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराची, ओळ बघावी. लोहाच्या कमतरतेने प्लेटलेट खरोखर वाढतात. शिवाय लाल पेशी फारच बारीक झाल्या असतील तर मशीन त्यांनाच प्लेटलेट समजून मोजू शकतं. शंका असेल तर "स्मिअर हाताने बघून घ्याल का?" असं लॅबला विचारा, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशंटचा तो हक्कच आहे.

ताप आणि इन्फेक्शन. पावसाळ्यात डेंग्यू आला की प्लेटलेट कोसळतात आणि पीएलआर खोटा खाली येतो. लघवीच्या इन्फेक्शनने एनएलआर वर जातो. दाताचं गळूसुद्धा पुरेसं आहे.

ओलापॅरिब, निरापॅरिब यांसारख्या कॅन्सरवरच्या गोळ्या. यांनी प्लेटलेट उतरतात, निरापॅरिबने तर विशेष. तो औषधाचा परिणाम असतो. दाह शमल्याचं लक्षण नव्हे.

सीआरपी आणि अल्ब्युमिन

सीआरपीचा रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. ४२ आणि ४.२ हे दोन्ही आकडे एकाच रक्ताचे असू शकतात. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून "एकदम दहापट वाढला" म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन, त्याची पातळी यकृतातल्या उत्पादनावर अवलंबून असते. शरीरात दाह असला की यकृत सीआरपी बनवण्यात गुंततं आणि अल्ब्युमिन मागे पडतं. त्यात ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पोटातल्या पाण्यातूनही ते जातं, आणि भूक मेल्यामुळे खाणंही कमी. म्हणून या आजारात हा स्वस्त आकडा फार बोलका आहे. दोन्ही मिळून ग्लासगोच्या डॉक्टरांनी एक साधा स्कोअर बनवला आहे. त्याची सुधारित पद्धत अशी: सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा त्याखाली असेल तर ०. १० च्या वर असेल तर १. सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, दोन्ही असेल तर २. मावशीचा सीआरपी ४२ होता आणि अल्ब्युमिन ३.१, म्हणजे स्कोअर २.

या आकड्याचा उपयोग मला खरा वाटतो, कारण यावर काहीतरी करता येतं. स्कोअर २ आला की आहारतज्ज्ञांची भेट आजच मागा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. मावशीचं एका वेळी पूर्ण ताट जात नव्हतं, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं सुरू केलं. अंडं, घट्ट वरण, पनीर, दाण्याची चटणी कालवलेला मऊ भात. अल्ब्युमिन हळू चढतं, आठवडे लागतात. चार दिवसांनी पुन्हा तपासून पैसे घालवू नका. आणि पोटातलं पाणी वारंवार काढावं लागत असेल तर ते आणखी उतरतं, हे हिशोबात धरा.

ऑपरेशननंतर सीआरपी साधारण दोन-तीन दिवसांत शिखर गाठतो आणि मग उतरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो उतरण्याऐवजी चढायला लागला तर डॉक्टर इन्फेक्शन शोधतात. तेव्हा त्याकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका.

आकडा काय सांगतो आणि काय नाही

या आकड्यांवरून कॅन्सरचं निदान होत नाही. पोटात पाणी, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये रक्तात बघतात तो आकडा) शेकड्यांत, सीआरपी चढलेला, वजन घटलेलं, हे सगळं चित्र पोटाच्या टीबीतही हुबेहूब तसंच असतं. आपल्या भागात हे विसरून चालत नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं) आणि गर्भनलिकेतलं गळू हेही आकडे चढवतात. गाठीचा किंवा पाण्यातल्या पेशींचा तपास झाल्याशिवाय कुणालाही "कॅन्सर आहे" किंवा "नाही" म्हणू देऊ नका.

निरोगी बाईने दरवर्षी एनएलआर काढून ओव्हरीच्या कॅन्सरची चाळणी करावी, याला आधार नाही. सीए-१२५ सारखी या आजाराच्या अधिक जवळची तपासणीसुद्धा चाळणी म्हणून उपयोगी ठरली नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल २०२१ मध्ये आला, आणि चाळणीमुळे मृत्यू कमी झाले नाहीत. महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं किंवा वारंवार लघवीला जावं लागणं, आणि हे अलीकडेच सुरू झालेलं असेल, तर सोनोग्राफी करून घ्या. मावशीचे ते तीन महिने अजूनही माझ्या मनातून जात नाहीत.

निदान झाल्यानंतर, उपचाराआधीच्या स्वच्छ रक्तातले एनएलआर आणि पीएलआर जास्त असतील, तर अशा बायकांच्या मोठ्या गटांत आजार लवकर उलटण्याची शक्यता जास्त दिसते. एवढंच. हे गटाचं सरासरी चित्र आहे. एका बाईचं वेळापत्रक त्यात लिहिलेलं नसतं. स्टेज, ऑपरेशननंतर किती गाठ उरली, पेशींचा प्रकार, बीआरसीए जनुकाचा रिपोर्ट, किमोला मिळालेला प्रतिसाद, या गोष्टींचं वजन कितीतरी जास्त. एनएलआर बघून किमो बदलत नाहीत, आणि बदलूही नये.

आकडा खाली आणण्यासाठी काही घेऊ नका. स्टेरॉइडने सीआरपी उतरतो आणि एनएलआर चढतो, तोही त्याच गोळीने, त्याच दिवशी. मग दाह कमी झाला की वाढला? आकडा हलवणं आणि आजार हलवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीच्या कॅप्सूल, काढे, 'इम्युनिटी'ची पावडर डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. काहींनी रक्तस्राव वाढतो, काही यकृतावर येतात. भाजीतली हळद खुशाल खा.

सीए-१२५ शेजारी ठेवा

किमो लागू होतेय का, हे बघायला सीए-१२५ च जास्त भरवशाचा. पहिल्या शंभर दिवसांतल्या किमान तीन आकड्यांवरून तो किती वेगाने उतरतोय हे मोजायची कीलिम नावाची पद्धत फ्रान्समधल्या डॉक्टरांनी विकसित केली आहे. कीलिमचा आकडा १ किंवा त्याहून जास्त आला तर उतार चांगला. तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना त्याबद्दल विचारा. सीए-१२५ ही ऑपरेशननंतर काही आठवडे चढलेला राहू शकतो, कारण पोटाचं आतलं अस्तर दुखावलं की तेच सीए-१२५ सोडतं.

उपचार संपल्यावर दर पंधरा दिवसांनी रक्त तपासत बसायची गरज नाही. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०१० मध्ये आला. नुसता सीए-१२५ वाढला म्हणून लक्षणांआधीच किमो सुरू केलेल्या बायका, लक्षणं आल्यावर सुरू केलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. उलट त्यांचे बरे दिवस कमी झाले.

वही

आमच्या घरात शंभर पानी वही आहे, तिची पानं आडवी धरून रकाने आखलेत. तारीख आणि वेळ, लॅब, किमोचा कितवा दिवस, शेवटचं स्टेरॉइड कधी, शेवटचं वाढीचं इंजेक्शन कधी, ताप किंवा इन्फेक्शन, मग पेशींचे आकडे, सीआरपी, अल्ब्युमिन, सीए-१२५. एनएलआरचा रकाना सर्वात शेवटी, आणि आधीचे रकाने भरल्याशिवाय तो भरायचा नाही, हा मावशीनेच घातलेला नियम. ज्या ओळीवर स्टेरॉइड किंवा ताप आहे तिथे ती पेन्सिलीने फुली मारते.

रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळच्या त्याच वेळी द्या. जिने चढून आल्या आल्या हात पुढे करू नका, दहा मिनिटं बसा.

ओपीडीत वही उघडून दोनच प्रश्न विचारा. "डॉक्टर, उपचाराआधीच्या आकड्यापासून हा कल कुठे चाललाय?" आणि "प्लेटलेट इतक्या वर आहेत, तर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही घ्यायला हवं का?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त, आणि साडेतीन लाखांच्या वरच्या प्लेटलेट तो आणखी वाढवतात. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली, अचानक दम लागला, तर वही बाजूला ठेवा आणि थेट इमर्जन्सीत जा.

तापाचंही तसंच. किमो चालू असताना थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. न्यूट्रोफिल हजाराच्या खाली असतील तर काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाते. आमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर, किमोच्या औषधांची नावं, शेवटच्या सायकलची तारीख आणि ॲलर्जी ठळक अक्षरात लिहिलेली आहे, म्हणजे रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पोचल्यावर मावसभावाला काही आठवावं लागत नाही.